साहेबांची खाज

साबणबाईला कुत्री आवडत नसत. माणसंही आवडत नसत, पण माणसाला दाराबाहेर ठेवता येतं. घरातल्या कुत्र्याला कुठे ठेवणार? आणि घरातल्या नणंदेला?

साबणबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. तिच्या तोंडावर ते म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून पाठीमागे जरा जास्तच म्हटलं जायचं. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत तिची उभी हयात गेली. डाग म्हणजे तिच्या लेखी कुणीतरी तोंडावर दिलेली शिवी. चहाचा असो, शाईचा असो, रक्ताचा असो, ती तो काढायचीच. नाहीच निघाला तर चादर विरेपर्यंत घासायची, पण हटायची नाही. विरलेल्या चादरींबद्दल मॅनेजर तिला एकदा चांगलं सुनावणार होता. अजून सुनावणारच आहे.

नणंद म्हणजे वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. वन्संनी लग्न केलं नाही. कुणातरी भल्या माणसाचं नशीब थोर, असं साबणबाईचं मत. शिलाई कारखान्यात बिघडलेली मशिनं दुरुस्त करणं हे वन्संचं काम, आणि जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध. तेल. मशिन कुरकुरलं, घाल तेल. दार करकरलं, घाल तेल. भाऊ खोकला, चोळ छातीला तेल. त्यांच्या खोलीच्या कडीपासून त्यांच्या अंबाड्यापर्यंत सगळं चकचकीत आणि बुळबुळीत.

आणि साहेब म्हणजे कुत्रा. साबणबाईचा नवरा एका कचेरीच्या फाटकावर पहारेकरी होता. जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्या साहेबांना सलाम ठोकून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर राहिला होता. फाटकाशी सापडलेलं तांबूस पिल्लू त्यानं कोटाच्या आत घालून घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं साहेब. म्हणाला, "एक तरी साहेब माझं ऐकेल." साहेबांनी त्याचं कधीच ऐकलं नाही. पण घरात त्यांना 'अहो' म्हणायची पद्धत पडली ती पडलीच.

गेल्या थंडीत नवरा तापानं गेला. माणसं भेटायला आली होती, आणि त्या भरल्या घरात वन्सं म्हणाल्या, "माझ्या भावाला हिनं धुऊन धुऊन मारलं." साबणबाई काय ऐकून घेणार? "तुमच्या तेलात तळून निघाला बिचारा," ती म्हणाली. भेटायला आलेल्यांनी आपापल्या चपला शोधल्या. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. घर दोघींचं, चूल एक, त्यामुळे बोलल्याशिवाय भागायचं तर नाही. मग जे काय बोलायचं ते साहेबांमार्फत.

"साहेब, त्यांना सांगा, गॅस संपलाय."

"साहेब, तिला विचारा, संपवला कुणी?"

साहेब एकदा हिच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे, आणि शेपूट हलवत. त्या शेपटीमुळे दोन्ही बाजूंना आपलीच सरशी झाल्यासारखं वाटे. असा निकाल देणारा न्यायाधीश मिळणं कठीण.

उन्हाळा लागला, पडवीचा पत्रा तापून तडतडायला लागला, आणि साहेब खाजवायला लागले. आधी कानामागे, मग पोटाखाली, मग शेपटीच्या मुळाशी दातांनी. बसल्या जागी मागचा पाय फरशीवर ठकठक आपटायचा. साबणबाईला तो आवाज डोक्यात जायचा. खाज म्हणजे मळ, आणि मळ म्हणजे तिचं क्षेत्र. डॉक्टरला विचारायचा प्रश्नच कुठे आला?

वन्संची पहिली पाळी, साबणबाईची दुसरी. सकाळी वन्सं कारखान्यात गेल्या की साबणबाई पडवीत बादली मांडायची. कढत पाणी, कपड्यांच्या साबणाची वडी, वर चिमूटभर सोडा, आणि हातात कॉलरी घासायचा ब्रश. साहेब कान पाडून उभे राहत. ती घासत राही आणि बडबडत राही, "हलू नका. हलू नका म्हणते ना! कसला मळ आहे हा, लाज नाही वाटत?" तिच्या हिशेबी ही माया होती. तिला दुसऱ्या तऱ्हेची येत नव्हती. लॉन्ड्रीत कपडे पिळायला मशिन असतं आणि साहेबांना पिळता येत नाही, एवढीच तिची तक्रार. मग ओलेगच्च साहेब तसेच जाऊन नवऱ्याच्या खाटेखाली शिरत. ती खाट मधल्या खोलीत होती तिथेच होती. तिच्यावर कुणी झोपत नव्हतं आणि ती हलवायचं नाव कुणी काढत नव्हतं.

दुपारी साबणबाई लॉन्ड्रीला गेली की वन्संचं राज्य. साहेबांची कातडी कोरडीठक्क पडलेली, केसांतून पांढरा कोंडा गळतोय. "मेलीनं जनावराची सालटं काढली," असं म्हणत वन्सं गोड्या तेलाची बाटली घेऊन बसत आणि कानापासून शेपटीपर्यंत साहेबांना असं चोपडत की जणू आता यांना सुईदोरा घालून शिवायलाच बसवायचंय. तेल लावलेले साहेब पडवीत जाऊन लोळत. साऱ्या अंगणाची धूळ त्यांच्या अंगावर येऊन चिकटे.

रात्री साबणबाई घरी येऊन साहेबांवर हात ठेवी आणि तो हात उचलून नाकाशी नेई.

"साहेब, त्यांना सांगा, कुत्र्याची भजी तळायची असतील तर आधी पीठ लावावं म्हणावं."

"साहेब, तिला सांगा, चादर आणि कुत्रा यांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं फार बोलू नये."

दुसऱ्या दिवशी साबणबाई तेल काढायला म्हणून दुप्पट साबण लावी. त्या दुपारी वन्सं साबणाची आग शमवायला म्हणून दुप्पट तेल. दोघींच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याची कातडी जात होती. साहेबांच्या पाठीचे केस पुंजक्यांनी गळले, पोटाखाली लाल चट्टे उठले, खाजवून खाजवून ते फुटले, त्यांना वास यायला लागला. प्रत्येक चट्टा साबणबाईला वन्संच्या दुष्टपणाचा पुरावा वाटे. वन्संनाही तोच चट्टा पुरावाच वाटे, फक्त आरोपी वेगळा.

मग एका सकाळी बादली मांडून साबणबाईनं हाक मारली, आणि साहेब आले नाहीत. ती खाटेपाशी वाकली, हात आत घातला. साहेब गुरगुरले. तिनं हात आणखी पुढे नेला तर त्यांनी ओठ वर करून सगळे दात दाखवले.

साबणबाई तिथेच फरशीवर बसली. लॉन्ड्रीतल्या बाया, गल्लीतले लोक, दूधवाला, सगळे तिला टरकून असत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पण हे जनावर रोज रात्री तिच्या पायांचा आवाज ओळखून दाराशी येत होतं. ती आली म्हणून आनंद होणारं जगात एवढंच एक उरलं होतं. आता तेही तिला बघून दात विचकत होतं. तिला रडू आलं. हा राग आहे असं तिनं स्वतःला सांगितलं आणि तो कुणावर काढायचा हे तर ठरलेलंच होतं.

दुपारी साहेबांनी वन्संनाही दात दाखवले. मग घरात कुणी कुणाशी बोलेना. निरोप्यानंच राजीनामा दिल्यावर बोलणार कसं? दूध नासलं, नळ गळत राहिला, गॅस संपला, सगळं दोघींनी दातओठ खात आपापलं बघितलं. साहेब पाण्यापुरते बाहेर येत आणि परत जात. खाटेखालून रात्रंदिवस पाय आपटल्याचा आवाज येई. खाणं त्यांनी जवळजवळ टाकलं.

शेवटी साबणबाईनं जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं. कुत्रा बरा व्हावा हे होतंच; पण नणंद त्याला मारायला टपली आहे असं एखाद्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यावं, हेही होतं. ती साखळी घेऊन निघाली तर दारात वन्सं चपला घालून तयार. त्यांनीही त्याच कामासाठी रजा टाकली होती. रस्त्यानं साखळी एकीच्या हातात, पाण्याची बाटली दुसरीच्या, मधे उघड्या पाठीचे साहेब. लोक वळून बघत होते, आणि लोक बघतात ते दुसरीमुळे, याबद्दल दोघींची खात्री होती.

डॉक्टर एक चाळिशीतली बाई होती. उन्हाळा असल्यानं सकाळपासून खाजवणारी जनावरंच तपासत होती आणि तिचा धीर संपत आला होता. तिनं साहेबांच्या पाठीवर बोटं फिरवली, बोटांचा वास घेतला, आणि मान वर केली.

"हा काय प्रकार आहे? वरून तेलकट, खालून कोरडा, काखेत ओला. याला धुतं कोण?"

"मी," साबणबाई ताठ मानेनं म्हणाली. "रोज. एक दिवस चुकवलेला नाही."

"कशानं?"

"कपड्यांच्या साबणानं. वर थोडा सोडा."

डॉक्टरनं डोळे मिटून घेतले. "आणि तेल?"

"मी," वन्सं म्हणाल्या. "मीही रोज. लावलं नसतं तर हिनं हाडंच बाहेर काढली असती."

"तुम्ही लावता ते काढायलाच मला धुवावं लागतं!" साबणबाई थेट वन्संकडे वळून ओरडली.

"आणि तू धुतेस म्हणून मला लावावं लागतं!"

इतक्या महिन्यांतलं हे दोघींचं पहिलं सरळ बोलणं. साहेब टेबलावर थरथरत होते. डॉक्टरनं बारीक दातांची फणी घेऊन त्यांच्या शेपटीच्या मुळाशी फिरवली आणि त्यावर आलेले काळे कण ओल्या कापसावर टेकवले. कापूस तांबडा झाला.

"पिसवा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात होतात. एक गोळी दिली असती आणि हा झोपतो ते अंथरूण धुतलं असतं, तर तेवढ्यावर भागलं असतं. बाकी हे जे दिसतंय ना, हे सगळं तुम्ही दोघींनी मिळून केलंय."

मिळून! दोघींनी जन्मात मिळून केलेलं हे पहिलं काम.

डॉक्टर भराभर सांगत गेली. साबण बंद, सोडा बंद, तेलाचा थेंब नाही. आठवड्यातून एकदाच हा औषधी शाम्पू, तोही गार पाण्यानं. फेस दहा मिनिटं ठेवायचा, मग निथळून धुवायचा आणि टॉवेलनं पूर्ण कोरडं करायचं. चाटू नये म्हणून गळ्यात हे प्लास्टिकचं नरसाळं. सावलीत ठेवा, पंखा लावा. "आणि एरवी हात लावू नका. कळलं? काही करू नका." मग तिनं विचारलं, "अंथरूण शेवटचं कधी धुतलंत?"

जिनं हॉटेलांच्या चादरींचे डोंगर धुतले, ती साबणबाई खाली बघायला लागली. वन्संही भिंतीकडे बघायला लागल्या.

"धुतलेलं नाही," साबणबाई म्हणाली.

"कुत्रा रोज धुता आणि अंथरूण धुतलं नाही?"

यावर काय सांगणार? अंथरूण म्हणजे नवऱ्याचा पहाऱ्यावरचा लोकरी कोट होता. त्याला नेलं त्या दिवशी साहेबांनी तो खुंटीवरून ओढून खाटेखाली नेला, आणि तेव्हापासून ते त्याच्यावरच झोपत होते. कॉलरीला अजून त्याचा वास होता, घामाचा, तंबाखूचा, फाटकावरच्या धुराचा. घरातली प्रत्येक चिंधी साबणबाईनं उकळून काढली, पण कोटाला हात लावला नाही. वन्संनीही त्याला तेलाचं बोट लागू दिलं नाही. या एका बाबतीत दोघींचं न बोलता एकमत होतं, आणि पिसवा नेमक्या तिथेच नांदत होत्या.

घरी आल्यावर गोळी दिली, नरसाळं बांधलं. नरसाळ्यातले साहेब खरोखरच कुठल्यातरी मोठ्या हुद्द्यावरचे दिसायला लागले. पण 'काही करू नका' हे औषध दोघींनाही झेपणारं नव्हतं. साबणबाईचे हात बादली बघून शिवशिवत. शिवाय आपण लॉन्ड्रीला गेलो की वन्सं बाटली काढणार, ही तिची खात्री. वन्संना वाटे, मी गेले की ही ब्रश काढणार. मग दोघींनी रजा वाढवल्या आणि खाटेच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकल्या. वन्सं डोळ्यांत तेल घालून पहारा करत होत्या. तेल घालायला आता तेवढीच जागा उरली होती.

"हात कुठे चाललाय?"

"पदर सावरतेय. तेवढी परवानगी आहे ना?"

"तुझं पदराचं निमित्त मला माहीत आहे."

चट्टे सुकायला लागले, पण खाटेखालचं खाजवणं थांबेना. गोळीनं अंगावरच्या पिसवा मरत आणि कोटातल्या ताज्या दमाच्या वर चढत. दोघींना हे कळत होतं. दोघी सगळ्या घराची चर्चा करत, पंख्याची, पत्र्याची, डॉक्टरच्या उद्धटपणाची. कोटाचं नाव कुणी काढत नव्हतं.

एका सकाळी साहेबांनी पोटावरची धरलेली खपली खाजवून पुन्हा फोडली. साबणबाई उठली. साहेब पाणी प्यायला गेल्याचं बघून तिनं खाटेखाली हात घातला आणि कोट ओढला. वन्संनी दुसरी बाही पकडली.

"सोड. याला हात लावशील तर याद राख."

"मग काय करू? मरू देऊ यांना?"

"एकाला धुऊन मारलंस, तेवढं पुरे नाही झालं?"

साबणबाईनं बाही सोडली नाही. "ताप उतरावा म्हणून मी त्याचं अंग पुसत होते. डॉक्टरनंच सांगितलं होतं."

"उठता बसता?"

"तुम्ही तेल फासून ठेवत होता, ते चिकट अंग पुसत होते मी!"

"तू गार करून ठेवत होतीस, म्हणून मी चोळत होते!"

बोलता बोलता दोघी थबकल्या. हेच वाक्य दोघींनी डॉक्टरच्या टेबलाशी म्हटलं होतं, फक्त तेव्हा टेबलावर साहेब होते. ताप फुप्फुसांत उतरला होता, पाण्यानं किंवा तेलानं तो वाचलाही नसता आणि मेलाही नसता, हे त्या वेळच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. पण त्याचे शेवटचे दिवस कसे गेले, हे आत्तापर्यंत कुणी पाहिलंच नव्हतं. एकीनं पुसायचं, दुसरीनं चोपडायचं, पुन्हा पहिलीनं पुसायचं.

"काही म्हणाला नाही तो कधी," वन्सं म्हणाल्या. आवाजातला कडवटपणा तसाच होता, पण तो कुणावर सोडायचा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "तोंड होतं ना त्याला? नको म्हणायचं."

"आपल्या दोघींच्या मधे?" साबणबाई म्हणाली.

साहेबांनी निदान दात तरी दाखवले. त्यानं तेवढंही केलं नाही. जन्मभर सलाम ठोकलेला माणूस तो. त्यानं एकीसाठी हात वर केला, दुसरीसाठी छाती उघडी केली, आणि गप्प पडून राहिला.

साबणबाई कोट घेऊन पडवीत गेली. कढत पाण्याची बादली भरली, सवयीनं खिसे उलटे करून पाहिले. खिशांत काही नव्हतं. तिनं कोट पाण्यावर धरला आणि तिचे हात पुढे जाईनात. हजारो परक्या माणसांची झोप, घाम, आजार तिनं बिनदिक्कत धुऊन टाकले होते, कधी विचार केला नव्हता की कुणीतरी तो वास मागे ठेवून गेलंय. आता तिला ते धुवायचंच नव्हतं.

"तुझ्याच्यानं एक काम धड होईल तर शपथ," वन्सं मागून येऊन म्हणाल्या. त्यांनी कोट तिच्या हातांतून हिसकला, कॉलर एकदा, जरा जास्तच वेळ, नाकाशी धरली, आणि तो बादलीत दोन्ही हातांनी दाबला. लोकरीतून बुडबुडे आले. "आता तरी घास. का तेही मीच करू?"

साबणबाईनं घासला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती घासत होती. वन्सं पाणी ओतत होत्या आणि चुका काढत होत्या.

उन्हात कोट लवकर वाळला. साबणबाईनं तो खाटेखाली अंथरला. साहेब नरसाळं वाकडंतिकडं करत आत गेले. त्यांनी कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या, परत कॉलर हुंगली. मग मान वर करून त्यांनी आधी साबणबाईकडे बघितलं, नंतर वन्संकडे. त्यांना जे हवं होतं ते दोघींकडेही नव्हतं. ते कोटावरून उतरले, बाहेर येऊन पंख्याखालच्या उघड्या फरशीवर आडवे झाले आणि थोड्या वेळानं झोपले. त्यांचा पाय एकदाही आपटला नाही.

साबणबाईचा हात आपसूक त्यांच्या डोक्याकडे गेला.

"हात!" वन्सं कडाडल्या.

तिनं हात मागे घेतला. मग वाकून कोट बाहेर ओढला आणि नाकाशी धरला. साबण, ऊन, बाकी काही नाही. वन्संनी हात पुढे केला, तसा तिनं तो त्यांना दिला. त्यांनीही हुंगला, खूप वेळ.

"छान धुतलास," वन्सं म्हणाल्या. "काही राहिलं नाही."

एवढ्या वर्षांत वन्संनी तिच्या कामाला कधी छान म्हटलं नव्हतं. साबणबाईनं कोट परत घेतला, चादरीसारखी त्याची चौकोनी घडी घातली आणि खाटेवर ठेवून दिली.